पालेभाज्यांचा पाठ कसा घ्यावा
(इयत्ता चौथी ते सातवीच्या शिक्षकांकरिता)

प्राथमिक शाळेतील आहारविषयक पाठांत पालेभाजीचा पाठ सर्वांत सोपा समजला जातो, आणि बहुधा त्यामुळेच तो सर्वांत निष्काळजीपणे उरकला जातो. फळ्यावर मेथी, पालक, माठ, चाकवत, अळू अशी पाचसहा नावे लिहावयाची, "पालेभाज्यांत लोह असते व त्या खाल्ल्याने रक्त वाढते" हे वाक्य मुलांकडून दोन वेळा म्हणवून घ्यावयाचे आणि पुढच्या पाठाकडे वळावयाचे, असा पुष्कळ ठिकाणी प्रघात आहे. मुले ते वाक्य परीक्षेत बिनचूक लिहितात आणि घरी ताटातली भाजी कडेस सारतात. शिवाय ते वाक्य अर्धेच खरे आहे. असल्या वाक्यावर उभा केलेला पाठ घरच्या चुलीपर्यंत पोचत नाही, आणि हा पाठ तेथवर पोचला नाही तर तो न घेतल्यासारखाच होय.

तो तेथवर का पोचावयास हवा, हे दोन आकड्यांवरून कळेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी शेकडा सुमारे ६९ बालकांत, आणि पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सुमारे ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. वर्गातील कोणत्याही बाकाकडे पाहिले तरी त्यावर बसलेल्या मुलीची आई किंवा तिच्या कडेवरचे धाकटे भावंड यांपैकी एकास तरी हा विकार असण्याचा संभव मोठा आहे. ती मुलगीही वयात आल्यावर त्यातून सुटेलच असे नाही. रक्तक्षय झालेले मूल लवकर थकते, त्याचे लक्ष टिकत नाही, कवायतीत त्यास धाप लागते. अशा मुलास आळशी ठरवून उभे करून ठेवण्याचे प्रकार शाळांतून घडतात. रोगास शिक्षा देण्याचाच हा प्रकार आहे.

परिसरापासून आरंभ

ठाणे जिल्ह्यातील शिक्षकास हा पाठ नकाशा उघडून सुरू करता येतो. जिल्ह्याच्या पश्चिम टोकास भाईंदर हे रेल्वेस्थानक आहे. त्याच्या पूर्वेस, वसईच्या खाडीच्या अगदी काठी, जेसल पार्क नावाची वस्ती आहे. भाईंदरचा परिसर हा मुळात मिठागरांचा. भरतीचे पाणी खाचरांत घ्यावयाचे, उन्हाने ते आटवावयाचे व मीठ ओढून बांधावर रास करावयाची, हा तेथील जुना धंदा. अशा खाऱ्या जमिनीत मेथी वा पालक येत नाही. बांधाच्या कडेला मोरस नावाची मांसल पानांची वनस्पती मात्र आपोआप वाढते. तिची पाने मुळातच खारट. म्हणून किनाऱ्यावरच्या सुगरणी ती उकडून, पाणी पिळून टाकून मग फोडणीस घालतात आणि मिठाचा हात आखडता ठेवतात. मुलांना ही गोष्ट अवश्य सांगावी. जेथे दुसरे काही उगवत नाही तेथेही माणसाने खाण्याजोगे पान शोधून काढले, यावरून आहारात पानाचे स्थान किती जुने आहे हे त्यांच्या ध्यानात येते.

मीरा-भाईंदर येथे १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. गावांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. जेसल पार्कमधील इमारतीत राहणाऱ्या मुलास परसू ठाऊक नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू, कुंपणावरचा शेवगा, उकिरड्याशेजारी आपोआप उगवलेला माठ यांतले काहीच त्याच्या दारात नाही. त्याच्या घरी भाजी पिशवीतून येते. ती कोठून येते? खाडीवरचा रेल्वेपूल ओलांडला की वसई तालुका लागतो. तेथील वाड्या विहिरींच्या व बावखलांच्या गोड्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या भाजीपाला पिकवीत आल्या आहेत आणि तो माल पहाटेच्या गाड्यांनी मुंबईकडे जात आला आहे. पावसाळ्याच्या तोंडी पालघर जिल्ह्यातील आदिवासी स्त्रिया उपनगरांतील स्थानकांबाहेर टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी अशा रानभाज्यांचे वाटे लावून बसतात. त्यांत शेवळेही असतात. पण शेवळे हे पान नव्हे, तो एका कंदाचा मोहोर आहे, हे चौकस मुलांकरिता सांगून ठेवावे.

ग्रामीण शाळेच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे आहे. टोपली शहरास जाते. ती जेथून निघते त्या गावच्या मुलांच्या ताटात काय उरते? वाटा विकून आलेल्या पैशातून बिस्किटाचा पुडा घरी येतो, ही गोष्ट शिक्षकांच्या पाहण्यातली आहे. तिचा दोष आईवर टाकण्यात अर्थ नाही. रोकड पैशाची गरज प्रत्येक घरास असते, आणि जे फुकट मिळते ते हलके, हा समज तर शहर व खेडे दोहोंकडे सारखाच आहे.

या समजाचे चांगले उदाहरण म्हणजे लेट्यूस. शहरांतील दुकानांत अलीकडे ही सॅलडची पाने पारदर्शक पिशवीत बांधून, मेथीच्या जुडीपेक्षा पुष्कळ चढ्या दराने विकली जातात. पान वाईट नाही. ते कच्चे खाल्ले जात असल्यामुळे उष्णतेने नाहीशी होणारी जीवनसत्त्वे त्यात टिकतात, पाणी व चोथा भरपूर असल्याने पोट हलके राहते, आणि तळलेल्या पदार्थाऐवजी कोणी ते खात असेल तर उत्तमच. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रसिद्ध केलेली जुनी अन्नघटक-कोष्टके पाहिली तर काय दिसते? शंभर ग्रॅम लेट्यूसमध्ये कॅल्शियम सुमारे ५० मिलिग्रॅम व क जीवनसत्त्व सुमारे १० मिलिग्रॅम. तेवढ्याच माठात कॅल्शियम सुमारे ४०० व क जीवनसत्त्व सुमारे १०० मिलिग्रॅम. आणि शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम ४४० व क जीवनसत्त्व २२० मिलिग्रॅम. ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते ते कॅरोटीनही माठात लेट्यूसच्या पाचपटीहून अधिक आहे. शेवग्याचा पाला तर बहुतेक गावांत शेळीपुढे टाकला जातो. कोकणात गोकुळाष्टमीस शेवग्याच्या पाल्याची भाजी करण्याची रीत आहे; ती वर्षातून एकदाच का, एवढा प्रश्न मुलांपुढे ठेवला तरी पाठाचे अर्धे काम होते.

परळ येथील एक शोध

पानाचा व रक्ताचा संबंध काय, हे शिकविताना जी हकीकत सांगावी ती आपल्याच प्रांतात घडलेली आहे, आणि नवल असे की ती आपल्या पाठ्यपुस्तकांतून फारशी येत नाही.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या व इतर गरीब वस्तीतील स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय होत असे. त्यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटे, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसत. अशा कितीतरी स्त्रिया बाळंतपणात दगावत. डॉ. मार्गारेट बॅल्फर यांच्या पुढाकाराने मातामृत्यूंची जी चौकशी चालू होती तिच्या अंगाने विल्सबाईंनी परळ येथील हाफकिन संस्थेत काम आरंभले. हा रोग एखाद्या जंतूमुळे होत असावा, अशी प्रथम शंका होती. तसा जंतू सापडला नाही. मग त्यांनी या स्त्रियांच्या घरी शिजणाऱ्या अन्नाची माहिती गोळा केली. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध यांचे मान अगदीच कमी, त्यांच्यात हा रोग अधिक, असे दिसून आले. तसलेच निकृष्ट अन्न प्रयोगशाळेतील प्राण्यांना देऊन त्यांनी तोच विकार उत्पन्न होतो का ते पाहिले आणि तो कशाने बरा होतो याचा शोध सुरू केला. अ व क ही जीवनसत्त्वे देऊन गुण आला नाही. अखेर यीस्टचा अर्क, म्हणजे बाजारात मार्माइट या नावाने मिळणारा स्वस्त पदार्थ, देताच रोगी स्त्रियांचे रक्त झपाट्याने सुधारू लागले. हा शोध त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला. यीस्टमधले ते नेमके द्रव्य कोणते, हे मात्र त्या वेळी कळले नव्हते. पुढे काही वर्षे ते 'विल्स घटक' या नावाने ओळखले जाई.

त्याचा उलगडा दहा वर्षांनी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात झाला, आणि तो झाला तो पालकाच्या पानांतून. मिचेल, स्नेल व विल्यम्स या तिघा संशोधकांनी १९४१ साली चार टन पालक घेऊन त्यातून हे द्रव्य अत्यल्प प्रमाणात वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानास 'फोलियम' म्हणतात; त्यावरून त्यास फॉलिक ॲसिड हे नाव पडले. १९४५ साली ते कारखान्यात कृत्रिम रीतीने तयार करण्यात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेस यश आले, आणि त्या संशोधकांच्या गटाचे प्रमुख होते आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांपासून निघालेला धागा असा पालकाच्या पानातून जाऊन पुन्हा एका भारतीय शास्त्रज्ञाच्या हाती आला.

या हकीकतीचा वर्गाशी संबंध दूरचा नाही. शाळेत दर आठवड्यास दिल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्या (लहान मुलांस गुलाबी, किशोरवयीनांस निळ्या) नुसत्या लोहाच्या नसतात. त्यांत फॉलिक ॲसिडही असते. मुले त्या तोंड वाकडे करून गिळतात, कित्येक तर बाहेर जाऊन थुंकतात. गोळीत काय आहे, ते प्रथम कोणासाठी शोधले गेले व त्याचे नाव पानावरून का पडले, हे सांगून मग गोळी द्यावी. कारण समजलेल्या मुलास ती गिळणे सोपे जाते.

फॉलिक ॲसिडचे आणखी एक कार्य १९९१ साली निश्चित झाले. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने अनेक देशांत घेतलेल्या चाचणीत, गर्भधारणेपूर्वीपासून हे द्रव्य घेतलेल्या स्त्रियांच्या अपत्यांत पाठीच्या कण्याचे व मेंदूचे जन्मजात व्यंग फारच कमी आढळले. हे व्यंग गर्भाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत, पुष्कळदा स्त्रीस दिवस गेल्याचे कळण्याच्याही आधी, निर्माण होते. म्हणून सातवीतील मुलीने आज पालेभाजी खाण्याची सवय लावून घेणे हे तिच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे. हा भाग मुलींसमोर संकोच न करता, परंतु साध्या शब्दांत सांगावा. शक्य तर शिक्षिकेने सांगावा.

लोहाचा फुगलेला आकडा

आता त्या अर्ध्या खऱ्या वाक्याकडे वळावयाचे. पूर्वीच्या कोष्टकांत शंभर ग्रॅम पालकात सुमारे ११ मिलिग्रॅम लोह दाखविलेले असे. सुधारलेल्या रीतीने मोजणी केल्यावर पुढील आवृत्तीत तो आकडा एका मिलिग्रॅमच्या किंचित वर आला. आणि २०१७ साली निघालेल्या नव्या कोष्टकांत तो सुमारे ३ आहे. पानास चिकटलेल्या मातीतील लोह व मोजण्याच्या जुन्या रीतींतील दोष यांनी आरंभीचा आकडा फुगला होता. कित्येक पुस्तकांत व भिंतीवरच्या तक्त्यांवर तो जुना आकडा अद्याप टिकून आहे. शाळेच्या भिंतीवर तो असेल तर पुसून टाकावा.

शिवाय पानात असलेले लोह सगळे शरीरास मिळत नाही. वनस्पतीतील लोह आतड्यांतून कष्टाने शोषले जाते. पालकातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमलाही अडवून धरते, त्यामुळे कॅल्शियमकरिता पालकावर विसंबण्यापेक्षा मेथी वा शेवग्याचा पाला बरा. मग पालेभाजी रक्तासाठी निरुपयोगी काय? मुळीच नाही. तिच्यात फॉलिक ॲसिड आहे, थोडे लोह आहे, आणि ते लोह शोषले जाण्यास मदत करणारे क जीवनसत्त्वही आहे. मात्र शिजवताना हे शेवटचे टिकवावे लागते, अथवा वरून द्यावे लागते. ताटातील लिंबाची फोड त्यासाठीच मोलाची. जेवणाबरोबर वा जेवण संपताच चहा घेण्याची सवय याच्या नेमकी उलट काम करते. चहातील तुरट द्रव्य लोहास धरून ठेवते. ही सवय खेड्यातील मुलांतही आता सर्रास दिसते, आणि तिच्याविषयी शाळेत एक शब्दही बोलला जात नाही.

जे पानात नाही तेही सांगितले पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व पालेभाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, आणि त्याच्या अभावीही मोठ्या पेशींचा रक्तक्षय होतो. पोटातील जंत व हिवताप हीही रक्तक्षयाची कारणे आहेत. तेथे भाजीने भागत नाही, जंतनाशक गोळी व दवाखाना यांचीच गरज असते. रातांधळेपणा किंवा डोळ्यांत कोरडे डाग दिसणाऱ्या मुलास भाजी खाण्याचा उपदेश करून परत पाठवू नये, आरोग्य केंद्रात न्यावे. पानातील कॅरोटीनपासून पूर्वी समजले जाई त्यापेक्षा कमी अ जीवनसत्त्व तयार होते, हे आता ज्ञात आहे. म्हणून चिमूटभर भाजीने डोळ्यांचे रक्षण होईल, असे मुलांस सांगणे योग्य नव्हे. सात वर्षांवरील मुलाच्या रोजच्या आहारात साधारण १०० ग्रॅम पालेभाजी असावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहारविषयक मार्गदर्शनात २०११ साली सांगितलेले आहे. एवढी कच्ची भाजी वर्गात तराजूवर तोलून दाखवावी. मुलांना ती डोंगराएवढी वाटते. तीच शिजवून दाखविली की एका वाटीतही पुरती भरत नाही, आणि मुले हसतात.

चुलीजवळ काय हरवते

पालेभाजीचे गुण शेतात नव्हे तर स्वयंपाकघरात सर्वांत अधिक वाया जातात. भाजी आधी बारीक चिरावयाची, मग पुष्कळ पाण्यात धुवावयाची, मग भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यावयाचे, ही रीत अनेक घरांत व शाळेच्या स्वयंपाकघरातही दिसते. फॉलिक ॲसिड व क जीवनसत्त्व ही दोन्ही पाण्यात विरघळणारी व उष्णतेने नाश पावणारी द्रव्ये. ती त्या हिरव्या पाण्याबरोबर मोरीत जातात. भाजी अखंड पानांनी, वाहत्या किंवा दोनतीनदा बदललेल्या पाण्यात स्वच्छ धुवावी आणि मगच चिरावी. थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, थोडाच वेळ शिजवावी. रंग राखण्यासाठी खाण्याचा सोडा घालू नये. रंग राहतो, जीवनसत्त्व जाते. मोरस, अळू यांसारख्या ज्या पानांचे पाणी खारटपणामुळे वा खवखवीमुळे टाकणे भाग असते, त्यांचा अपवाद करावा. अळूत चिंच वा आमसूल घालण्याची जुनी रीत खवखव मारण्याकरिता आहे व ती चालू ठेवावी.

कॅरोटीनची गोष्ट निराळी. ते पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे चमचाभर तेलाची फोडणी ही चैन नव्हे. तिच्यावाचून पानातील कॅरोटीन अंगी नीट लागत नाही. या बाबतीत महाराष्ट्राच्या जुन्या रांधपात मोठे शहाणपण आहे. अळूच्या पातळ भाजीत हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे, अंबाडीत कण्या व वरून लसणीची फोडणी, मेथीत मूगडाळ, टाकळ्यात ओले खोबरे: प्रत्येक ठिकाणी पानास डाळीची किंवा स्निग्ध पदार्थाची जोड दिलेली आहे. अंबाडी, चुका यांसारखी आंबट भाजी लोखंडी कढईत शिजविली तर कढईचे थोडे लोह भाजीत उतरते. ॲल्युमिनियमच्या हलक्या भांड्यांनी ही कढई मागे सारली. ती ज्या घरी माळ्यावर पडली असेल तेथून खाली काढावी, असे मुलांनी आईस सांगितले तर ते अनाठायी होणार नाही.

लेट्यूस, कोथिंबीर, मुळ्याचा पाला अशी जी पाने कच्ची खाल्ली जातात त्यांच्याविषयी एक इशारा आवश्यक आहे. मुंबईच्या उपनगरांत रुळांलगतच्या जमिनीवर होणाऱ्या भाजीस नाल्याचे पाणी दिले जात असल्याच्या तक्रारी वारंवार झालेल्या आहेत. सांडपाण्यातील जंतू शिजविल्याने मरतात. कच्च्या पानावर ते तसेच राहतात. कारखान्यांच्या पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखी जड द्रव्ये तर शिजवूनही जात नाहीत. जेसल पार्कमधील गृहिणीस आपल्या जुडीचे शेत पाहता येत नाही. खेड्यातील मुलास मात्र आपली भाजी कोणत्या विहिरीच्या पाण्यावर वाढली हे दाखविता येते.

वर्गात करावयाची कृती

पाच-सहा गर्द हिरवी पाने (माठ किंवा पालक) खलबत्त्यात कुटावीत. त्यांत थोडे स्पिरिट घालून पुन्हा खलावे व रस फडक्यातून बशीत गाळून घ्यावा. बशीत पांढऱ्या खडूची अखंड कांडी उभी करून ठेवावी. पाव ते अर्ध्या तासात रस खडूवर चढतो, आणि हिरव्या पट्ट्याच्या वर एक पिवळसर कडे उमटते. ते पिवळे द्रव्य म्हणजे कॅरोटीन. गाजराच्या रंगाचे द्रव्य हिरव्या पानात लपलेले असते, हे मुलांस डोळ्यांनी दिसते आणि ते ती विसरत नाहीत. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ चूल वा काडेपेटी नसावी, आणि ही कृती शिक्षकाने स्वतः करावी. रंगीत खडू चालत नाही. पहिला प्रयत्न फसला तर बहुधा रस पातळ झालेला असतो, पाने वाढवावीत.

दुसरी कृती घरची आहे. प्रत्येक मुलाने एक आठवडा आपल्या घरी कोणती पालेभाजी किती वेळा झाली व ती विकत आणली की परसातून वा रानातून आणली, एवढेच वहीत लिहावे. मुलांकडून रानभाज्यांची जी नावे येतील ती स्थानिक उच्चारानेच फळ्यावर लिहावीत. एकाच भाजीस दोन पाड्यांत दोन नावे असतात. आदिवासी मुलांस हा पाठ विशेष मानाचा होतो, कारण येथे त्यांचे ज्ञान शिक्षकापेक्षा अधिक असते. मात्र अनोळखी पान मुलांनी स्वतः चाखून पाहू नये, ही ताकीद प्रथमच द्यावी. विषारी पाने व कंद दिसावयास निरुपद्रवी असू शकतात. गावातील जाणत्या स्त्रीने ओळखून दिलेलेच पान घ्यावे. अशी एखादी जाणती आजी शाळेत बोलावता आली तर शिक्षकाने त्या दिवशी मुलांबरोबर खाली बसून ऐकावे.

शाळेची परसबाग

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलामागे ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. प्रत्यक्षात तिची जागा पुष्कळदा बटाटा व कांदा घेतात, कारण ते टिकतात आणि पालेभाजी दुसऱ्या दिवशी कोमेजते. यावर शाळेची परसबाग हाच व्यवहार्य उपाय आहे, व पोषण आहार योजनेत तिला उत्तेजनही दिलेले आहे. बाग मोठी नको. हात धुण्याच्या जागेचे पाणी जेथे वाहून जाते तेथे पाट काढून दोन वाफे केले तरी पुरतात. त्या पाण्यात साबणाचा फेस फार जाणार नाही एवढे पाहावे. जागा उंचवट्याची असावी. कोकणपट्टीच्या पावसात सखल वाफ्यातील माठ कुजतो.

माठ पेरणीपासून साधारण महिन्याभरात काढणीस येतो. जूनच्या मध्यास शाळा उघडताच तो पेरला तर जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिली भाजी मिळते. बी बारीक असते, म्हणून ते कोरड्या मातीत वा वाळूत मिसळून फेकावे, एरवी एकाच ठिकाणी गर्दी होते. उपटण्याऐवजी वरची पाने खुडली तर तेच रोप पुन्हा फुटते. अंबाडी याच सुमारास कुंपणाकडेने पेरावी. मेथी व पालक दिवाळीनंतर, हवा थंड झाल्यावर घ्यावीत. शेवग्याची हातभर जाड फांदी पहिल्या पावसात लावली तर ती जगते. पाला दुसऱ्या वर्षी भरपूर मिळू लागतो, आणि उन्हाळ्यात वाफे कोरडे पडले तरी शेवग्याचा पाला चालूच राहतो. झाड वाऱ्याने मोडते, म्हणून छाटून ते मुलांच्या हाताशी येईल एवढेच उंच ठेवावे आणि खोलीच्या कौलांपासून दूर लावावे. शेळ्यांपासून पहिले वर्ष काट्यांचे कुंपण हवे. किती पाला निघाला त्याचे वजन सहावीच्या मुलांनी दर शनिवारी करून नोंदवहीत लिहावे. गणिताच्या तासाला सरासरीची उदाहरणे त्या वहीतूनच घालता येतात.